दुनळीच्या पोटातला आवाज

१

दसऱ्याच्या दिवशी उन्हं कलताना मोतीराम माळी आपल्याच मळ्यात, पाटाच्या काठावर मेला. गंगापूरच्या वाटेवर, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या अंगाला त्यांचा फुलांचा मळा होता. छर्रे पाठीत लागले होते. मागे त्याचा धाकटा भाऊ गोटीराम उभा होता, त्याच्या हातात घरचीच दुनळी बंदूक होती आणि तिच्या उजव्या नळीतून धूर निघत होता.

एवढं सगळ्यांनाच मान्य होतं. प्रश्न होता तो बार कसा उडाला याचा.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा फौजदार गायधनी ती बंदूक गोणपाटात गुंडाळून जुन्या नाशकात अब्बास मिस्त्रीच्या दुकानात घेऊन आले. बंदुका दुरुस्त करणं हा अब्बासचा वडिलार्जित धंदा. देवळालीचे साहेब, तालुक्यातले जमीनदार, रानडुकरांपासून पीक राखणारे बागायतदार, सगळ्यांच्या बंदुका त्याच्याकडे येत. दुरुस्त केलेल्या बंदुकांचे बार उडवून बघता बघता त्याचे कान मंदावले होते. बारीक आवाज ऐकायचा असला की तो बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर दात टेकवायचा. आवाज हाडातून डोक्यात जातो, असं तो म्हणे.

"सरकारी कारागिरानं तपासली आहे," फौजदार म्हणाले. "घोडा चढवून लाकडी हातोडीनं ठोकली. घोडा पडला नाही. बंदुकीत दोष नाही, असा त्याचा शेरा आहे."

"मग माझ्याकडे कशाला आणली साहेब?"

"हलवून बघा."

अब्बासनं बंदूक उचलली. जुनी बिलायती होती, बाहेरच्या बाजूला दोन घोडे असलेली. त्यानं ती पुढे कलती केली, मागे कलती केली. मग दस्त्यावर दात टेकवून पुन्हा हलवली. आत काहीतरी सरकत होतं. वाळल्या शेंगेत बी खुळखुळतं तसा हलका, कोरडा आवाज होता.

"पोरगा काय म्हणतो?" अब्बासनं विचारलं.

"पहिल्या दिवशी म्हणाला, मी चाप ओढलाच नाही, घोडा चढवलेला होता, पाटावरून उडी मारली आणि बार आपोआप उडाला. दुसऱ्या दिवशी जबाब फिरवला. म्हणाला, लिहा, मीच मारला. तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. भाकरी दिली तर खातो, नाही दिली तर मागत नाही."

"मधे काय झालं?"

"काही नाही. त्याची आई भाकरी घेऊन आली होती. थोडा वेळ गजांपाशी बसली, बोलली, गेली. त्यानंतर यानं कबुली दिली."

"मग तुमचं काम सोपं झालं की."

"सोपं झालं, म्हणूनच आलो," फौजदार म्हणाले. "मारहाण नाही, धाक नाही. कबुली आपणहून. दोघा भावांत वाटणीवरून वाद होता, उन्हाळ्यापासून बोलणं बंद होतं. शेजारचा रावजी सांगतो की त्यानं बंदुकीवरून ओढाओढ पाहिली. सगळं जुळतं. तेवढा एक आवाज राहिला आहे. हे कागद पुढे गेले की तो फासावर जाईल, मिस्त्री. त्याआधी आवाज कशाचा ते मला कळायला हवं."

अब्बास हसला. "जुन्या दुनळीत असा आवाज असतोच. दोन नळ्यांच्या मधे पट्टी झाळलेली असते. झाळ सुटली की कथलाचा दाणा आत फिरत राहतो. पोटात वायू फिरतो ना, तसं. त्यानं कोणी मरत नाही."

"म्हणजे बंदुकीचा काही संबंध नाही?"

"नाही."

फौजदारांनी मान हलवली. त्यांना कचेरीत जायचं होतं. एका शिपायाला दुकानाच्या पायरीवर बसवून, संध्याकाळी बंदूक न्यायला येतो असं सांगून ते निघाले. जाताना म्हणाले, "मग गेला बिचारा."

२

अब्बासचं घर दुकानाच्या मागेच होतं. बायको जैतुनबी मधल्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"बिना खोले बोल दिया?" ती म्हणाली. "माझं घड्याळ पण तुम्ही न उघडताच दुरुस्त केलं होतं. आजपर्यंत चाललं नाही."

"घड्याळ वेगळं, बंदूक वेगळी."

"हां. घड्याळानं कोणी फाशी जात नाही."

तेवढ्यात बाहेर फुलांची पाटी उतरल्याचा आवाज आला. दर गुरुवारी जैतुनबी दर्ग्यासाठी गुलाब घ्यायची. फुलं घेऊन आली होती ती अंबूबाई. मोतीरामची आणि गोटीरामची आई.

सुतक फिटल्या दिवसापासून ती पुन्हा फुलं विकायला येत होती. तिला पाहून लोक रस्ता बदलत, काय बोलावं ते सुचत नसे म्हणून. तीही कोणाशी बोलत नसे. भाव सांगायची, फुलं द्यायची, पाटी उचलायची.

पायरीवरचा शिपाई तिला ओळखत होता. तो थोडा बाजूला सरकला. अंबूबाईची नजर दुकानात गेली. टेबलावर बंदूक पडली होती.

"ती हितं आली का," ती म्हणाली. जणू एखादी गाय दुसऱ्याच्या गोठ्यात दिसावी.

जैतुनबीनं तिला पाणी दिलं. तिनं तांब्या हातात धरला, प्यायली नाही.

"मिस्त्रीदादा, शिपाईभाऊ म्हंत्यात, तिच्या पोटात काय तरी वाजतं. खरं हाय का?"

"वाजतं, अंबूमावशी."

"काय वाजतं?"

अब्बासला कथलाचा दाणा सांगायचा होता. पण ती त्याच्याकडे अशी बघत होती की त्याला ते सांगता येईना. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं.

"बघावं लागेल," तो म्हणाला.

"बघा. माझा गोट्या तसा नाय. त्यानं कबूल केलं, पर तो तसा नाय. बंदुकीतच काय तरी आसंल." तिनं तांब्या तसाच परत दिला. "गुलाब किती देऊ, जैतूनबाई?"

ती गेल्यावर अब्बासनं नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या. नळ्यांच्या जोडाला दोरी बांधून छताच्या आकड्याला टांगलं आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारली. झाळ सुटली असली तर अशा वेळी नळी फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजते.

नळ्या देवळातल्या घंटेसारख्या वाजल्या. जैतुनबी आतून म्हणाली, "ये तो अच्छा बजता है."

त्यानं नळ्या उतरवल्या, दात टेकवून हलवल्या. आवाज नाही. मग एकटा दस्ता उचलून हलवला.

आवाज दस्त्यात होता. जिथे चाप आणि घोडे असतात, नेमका तिथेच. दुपारी त्यानं फौजदारांना सांगितलं होतं ते साफ चूक होतं.

३

अब्बासनं शिपायाला आत बोलावून समोर बसवलं. उद्या कोणी म्हणायला नको की मिस्त्रीनं आत काही घातलं.

स्क्रू काढण्याआधी त्यानं भिंग लावून बाहेरून पाहिलं. चापाभोवती जी लोखंडी कमान असते तिच्यावर हळदीचा डाग होता. याचं त्याला नवल वाटलं नाही. खंडेनवमीला लोक हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. दसऱ्यानंतर हिंदू गिऱ्हाइकांच्या ज्या बंदुका येत त्या हळदीकुंकवानं माखलेल्याच असत आणि ते डाग काढताना तो दरसाल कुरकुरायचा. पण ते डाग नळीवर असत, वरच्या अंगाला. कमान म्हणजे बंदुकीचं पोट. पोटाला हळद त्यानं पहिल्यांदाच पाहिली.

त्यानं दस्त्याच्या उजव्या अंगाची, घोड्याची कळ झाकणारी पट्टी सोडवली. आतली कळ साफ होती. कुठे कानस लागल्याची खूण नव्हती, काही झिजलेलं नव्हतं. मग दस्ता उलटा करून त्यानं कागदावर हळूच झटकला.

कागदावर अर्धा तांदूळ पडला. मग दुसरा अर्धा. मग एक सबंध.

तिन्ही लाल होते.

"अक्षता," शिपाई म्हणाला.

अब्बासनं जैतुनबीकडून मूठभर तांदूळ मागून घेतले. आत, चापाच्या वरच्या टोकावर एक बारीक दांडी टेकते. चाप ओढला की ती दांडी उचलली जाते, तिचं नाक खाचेतून सुटतं आणि घोडा पडतो. चाप आणि दांडी यांच्यामधली फट नखाएवढीसुद्धा नसते. त्या फटीत अब्बासनं चिमट्यानं एक तांदूळ ठेवला, पट्टी बसवली, घोडा चढवला.

घोडा चढला. वरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं.

मग त्यानं दस्ता जमिनीवर टेकवला. आदळला नाही, माणूस उडी मारून उतरला की जेवढा हिसका बसेल तेवढाच दिला.

टक्. घोडा पडला. चापाला कोणी हात लावला नव्हता. अब्बासनं दस्ता हलवला. तांदूळ जागचा सुटून आत खुळखुळायला लागला होता. त्यानं पुन्हा घोडा चढवून ठोकून पाहिला, तर आता तो पडेना.

"अरे देवा," शिपाई म्हणाला. "म्हणजे पोरगं पहिल्यांदा खरं बोललं."

"घोडा आपोआप पडला एवढं खरं," अब्बास म्हणाला. "पण तांदूळ काय चालत गेला आत?"

४

फौजदारांनी सगळं पाहिलं, स्वतःच्या हातानं करून पाहिलं. त्यांना आनंद झाला नाही.

"मिस्त्री, तुम्ही त्याला सोडवलंत की अडकवलंत? बंदुकीत असा तांदूळ ठेवणारा माणूस साध्या खुन्यापेक्षा हुशार. बार उडाला की म्हणायचं, मी चाप ओढलाच नाही. गोटीरामनं पहिल्या दिवशी हेच म्हटलं."

"आणि दुसऱ्या दिवशी कबुली दिली? एवढी हुशारी करून?"

"तेच तर." फौजदार टोपी काढून बसले. "दुसऱ्या कोणी ठेवला असेल तर? बंदूक कोणाच्या हातात असेल ते त्याला ठाऊक हवं. बंदुकीची माहिती हवी. आणि घरात जाता यायला हवं."

"रावजी?"

"रावजी साहेब लोकांच्या शिकारीत हाकाऱ्याला जातो. त्याला बंदूक कळते. माळ्यांची गंगेकडची जमीन त्याच्या बांधाला लागून आहे, आणि एक भाऊ मेला, दुसरा फासावर गेला तर दोन बायका ती किती दिवस धरून ठेवतील? चला."

दोघं टांग्यानं मळ्यावर गेले. रावजी आपल्या बांधावर गवत कापत होता. फौजदारांना पाहून त्यानं विळा खाली ठेवला, अब्बासला पाहून हसला.

"काय मिस्त्री, आता पोलिसात भरती झाला का काय? कान तर ऐकत नाय तुमचे."

"म्हणून तर घेतलं. गुन्हेगारांच्या शिव्या ऐकू येत नाहीत," अब्बास म्हणाला.

फौजदारांनी विचारलं, "ओढाओढ पाहिली म्हणतोस. कशी होती? नीट सांग."

"मोतीराम पुढं, गोटीराम मागं. बंदूक मोतीरामच्या खांद्यावर व्हती. पाटाच्या आलीकडं थांबले. मोतीरामनं बंदूक खाली घेतली, गोटीरामनं धरली. दोघांचेबी हात बंदुकीवर. ह्यो आपल्याकडं, त्यो आपल्याकडं. मंग गोटीरामच्या हातात गेली. मोतीरामनं पाट वलांडला, मागून गोटीरामनं उडी मारली, आन् बार."

"कोणी ओरडलं? शिवी दिली?"

"लांबून काय ऐकू येतंय."

"तू त्याआधी त्यांच्या घरी कधी गेला होतास?"

रावजीनं हातावरचं गवत झटकलं. "नवमीला गेलतो. सांजच्याला, परसाद घ्यायला. दरसाल जातो. का, परसाद घेणं गुन्हा हाय?"

"घरात कोण होतं?"

"म्हातारी आन् भागुबाई. गडी मार्केटातून यायचे व्हते. दसऱ्याच्या झेंडूला औंदा लय मागणी, ते पहाटेच गाडी घेऊन गेलते."

"बंदुकीला हात लावलास?"

"पूजेतल्या?" रावजीनं दोन्ही कानांना हात लावले. "फौजदारसाहेब, मी काय बी आसंल, पर पूजेतल्या हत्याराला दसऱ्याच्या आत हात लावणारा नाय. आन् लावू कसा? म्हातारी दिव्यापाशी मांडी घालून बसल्याली. नवरात्राचा दिवा विझू द्यायचा नसतो, घट बसल्यापासून ती तिथून हालत नाय. तिथंच झोपती." मग तो हसला. "बंदूक पाहून मला तर हासू आलं. मेल्याल्या शेळीवानी उताणी ठिवली व्हती. पाय वर."

"उताणी?" अब्बासनं विचारलं. त्याला वाटलं कानांनी घोटाळा केला.

"हा. चाप वर, पाठ खाली. माझ्या जल्मात मी आशी पूजा पाह्यली नाय."

अब्बास फौजदारांकडे बघेना.

५

"बोला," फौजदार म्हणाले. दोघं पाटाच्या कडेनं चालत होते.

"बंदूक उताणी ठेवली की चापाची फट वर येते. जुनी बंदूक आहे, ती फट झिजून रुंद झालेली आहे. वरून अक्षता टाकल्या की दोन-चार दाणे आत जाणारच. मग बंदूक सुलटी केली की काही बाहेर पडतील, काही अडकतील. कोणी ठेवायला नको, साहेब."

फौजदार थांबले. "आणि तांदूळ लाल आहेत. कुंकवाच्या अक्षता पूजेच्या ताटातच होतात, म्हणजे पूजेच्या आधी कोणी घातला असं नाही. पूजेच्या वेळी दोघं भाऊ मार्केटात. पूजा झाल्यावर म्हातारी जवळून हललेली नाही. दसऱ्याला बंदूक उचलली कोणी, एवढंच राहिलं."

मळ्यातल्या घरापुढे मोतीरामची विधवा भागुबाई फुलं निवडत बसली होती. डोक्यावर पदर, हात चालू. अंबूबाई घरात होती.

"दसऱ्याला बंदूक पूजेच्या पाटावरून कोणी उचलली, भागुबाई?"

"आमच्या ह्यांनी." तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही. "नमस्कार केला आन् उचलली. शिवंवर बार उडवायचा आसतो, शिलंगणाचा. मामंजी गेल्यापासून हेच उडवायचे."

"मग गोटीरामच्या हातात कशी गेली?"

तिचे हात थांबले. "जाताना म्हणले, औंदा गोट्याच्या हातनं बार काढतो. सणाचा दिस हाय, किती दिस तोंडं फिरवून बसायचं. भावजी मागं उभं व्हतं, त्यांनी ऐकलं नाय. मला सांगितलं फकस्त."

"हे आधी का नाही सांगितलंस?" फौजदारांचा आवाज चढला.

"मला कुणी इचारलंच नाय," ती म्हणाली आणि पुन्हा फुलं निवडू लागली.

म्हणजे रावजीनं लांबून पाहिली ती ओढाओढ नव्हती. थोरला बंदूक देत होता आणि धाकटा घेत नव्हता.

"पूजा दरसाल कोण करतं?" अब्बासनं हळू विचारलं.

"हेच करायचे. दोन काठ्यांवर बंदूक उभी लावून. औंदा गडी मार्केटात व्हते, येळ टळाया लागली..." भागुबाईनं वर पाहिलं. आधी अब्बासकडे, मग फौजदारांकडे. ती हुशार बाई होती. तिनं उरलेलं वाक्य गिळलं आणि मान वळवून घराच्या दाराकडे पाहिलं.

दारात अंबूबाई उभी होती.

६

तिनं किती ऐकलं होतं ते कळायला मार्ग नव्हता. ती बाहेर आली, त्यांना बसायला घोंगडी टाकली.

फौजदारांना आता सगळं दिसत होतं. ते अब्बासला बाजूला घेऊन म्हणाले, "गोटीरामनं जबाब का फिरवला ते कळलं का? ही भाकरी घेऊन गेली तेव्हा तिनं त्याला पूजेचं सांगितलं असणार. सहज, रडताना बोलतात तसं. त्याला बंदूक कळते. तो तिथेच समजला. बंदुकीची जास्त चौकशी झाली तर ती आईपर्यंत जाईल, म्हणून चौकशीच बंद केली त्यानं."

"साहेब, तिला न सांगता नाही भागणार?"

"पूजा कशी केली हे तिच्याशिवाय कोण सांगणार? रावजीनं उताणी बंदूक पाहिली, अक्षता टाकताना नाही पाहिलं. आणि पोरगा कबुली मागे घेणार नाही. तिनं सांगितलं तर तो वाचेल."

अब्बास घोंगडीवर जाऊन बसला. वर्षानुवर्षं या बाईनं त्याच्या दारात फुलं उतरवली होती.

"अंबूमावशी, बंदुकीत काय वाजतं ते सापडलं."

"काय हाय?"

"तांदूळ."

भागुबाईनं फुलं पसरलेली चादर बाजूला सारली आणि सासूच्या जवळ येऊन बसली.

"पूजेला बंदूक उताणी ठेवली होती का तुम्ही?"

"व्हय. सुलटी ऱ्हाईना. त्या घोड्यांमुळं कलंडायची, माळ घसरायची. उताणी केली तवा बरी बसली." तिचा आवाज तसाच होता, भाव सांगतानाचा. "गोट्याला म्यां सांगितलं. म्हणलं, औंदा मीच पूजा केली, माळ घसरू नये म्हून बंदूक पालथी सोडून उताणी ठिवली, येवढं मन लावून केलं, तरी देवीनं आसं का केलं? तो माझ्याकडं पाहात ऱ्हायला. मंग म्हणला, आई, तू घरी जा."

पाटाचं पाणी वाहत होतं.

"म्हंजी मी मारला मोत्याला," ती म्हणाली.

"नाही मावशी. कोणी नाही मारला."

"आसं नका म्हनू, दादा. कुणी तरी मारला हाय." तिनं फौजदारांकडे पाहिलं. "मी कोर्टात सांगितलं तर गोट्या सुटंल?"

"सुटेल. पण सांगून भागणार नाही, अंबूबाई. करून दाखवावं लागेल. त्याच बंदुकीवर."

भागुबाईनं सासूचा हात धरला. अंबूबाईनं तो सोडवून घेतला. रागानं नाही, तिला उठायचं होतं.

"कुंकू घरचं आणू, का तिथं मिळंल?"

७

मॅजिस्ट्रेटच्या दालनात जमिनीवर पूजेचा पाट मांडला. गोटीरामला एका कोपऱ्यात उभं केलं होतं. पाट दिसताच त्याला कळलं.

"मी मारला म्हणून सांगितलंय ना!" इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच ओरडला. "लिवून घेतलंय ना तुमी! मंग हे कशाला?"

शिपायांनी त्याला धरून ठेवलं. मॅजिस्ट्रेटनं त्याला गप्प राहायला सांगितलं.

अब्बासनं रिकामी बंदूक पाटापाशी ठेवली. अंबूबाई तिच्यापुढे बसली. तिनं बंदूक उचलली, उताणी केली, नीट बसली का ते हलवून पाहिलं. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. अक्षता वाहिल्या. हात जोडले. तिचे हात कुठेही थरथरले नाहीत. थरथरले असते तर बघणाऱ्यांना बरं वाटलं असतं.

अब्बासनं बंदूक सुलटी केली, घोडा चढवला, दस्ता जमिनीवर टेकवला.

घोडा पडला नाही.

त्यानं पुन्हा केलं. पडला नाही. मॅजिस्ट्रेटनं फौजदारांकडे पाहिलं. कोपऱ्यात गोटीरामनं श्वास सोडला.

"आसं नाय," अंबूबाई म्हणाली. "आता थोड्याच वाहिल्या. तवा मी मूठ भरून घातल्या व्हत्या. सणाचं व्हतं. हात आखडला नाय."

तिनं बंदूक परत मागितली. पुन्हा उताणी केली, ताटातल्या अक्षतांची मूठ भरली आणि चापावर सोडली. लोखंडावर तांदळाचा सडा पडला. तिनं पुन्हा हात जोडले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी जोडले.

अब्बासनं बंदूक उचलली तेव्हा काही दाणे फटीतून खाली गळले. त्यानं घोडा चढवला. दस्ता टेकवला.

टक्.

मॅजिस्ट्रेटनं स्वतः बंदूक हातात घेऊन हलवली आणि कानाशी धरली. मग ती टेबलावर ठेवून त्यांनी चष्मा पुसला.

पुढचं सगळं कागदांचं काम होतं. ते झालं. दिवाळी त्यात निघून गेली आणि गोटीराम सुटला.

सुटला त्या दिवशी अब्बास कचेरीच्या आवारात उभा होता. काम काही नव्हतं. आईपाशी येऊन गोटीराम खाली बघत उभा राहिला. त्याची दाढी वाढली होती.

"कशाला बोललीस तू?" तो म्हणाला. "मी जात व्हतो ना. मी गेलो आसतो तर तुला कळलंच नसतं."

अंबूबाईनं त्याच्या खांद्यावरचं काहीतरी झटकलं. तिथे काही नव्हतं.

"चल घरी," ती म्हणाली. "भागू पहाटपासून एकलीच फुलं तोडतीया."

ती पुढे चालू लागली. थोड्या वेळानं तोही तिच्यामागून निघाला.